दादासाहेब मावळंकर : अहमदाबादच्या कोर्टातून लोकसभेच्या अध्यक्षपदापर्यंत

स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले. जन्म बडोद्याचा, शाळेची सुरुवात राजापूरची, आणि वकिली, राजकारण, मतदारसंघ सगळं अहमदाबादचं. हिंदी वर्तमानपत्रांत त्यांचं नाव ‘मावलंकर’ असं छापलं जातं. गुजरातेत आणि मराठी मुलखात मात्र ते ‘दादासाहेब’ म्हणूनच ओळखले गेले. पंडित नेहरूंनी त्यांना ‘लोकसभेचे जनक’ म्हटलं होतं.

माळव्यातल्या वाचकांना त्यांची एक खूण जवळच सापडते. उदयनगर-बागलीकडून इंदूरला येणाऱ्यांना खंडवा रोडवरचं कस्तुरबाग्राम ठाऊक असतं. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचं हे मुख्य ठिकाण. त्या ट्रस्टचं अध्यक्षपद मावळंकरांनी सांभाळलं होतं. ज्यांच्या घरात कुणी रायफल शूटिंग करतं त्यांना ‘मावळंकर’ हे नाव राष्ट्रीय स्पर्धेमुळे माहीत असतं. पण हा माणूस कोण, त्यांनी नेमकं काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

थोडक्यात

- पूर्ण नाव : गणेश वासुदेव मावळंकर (दादासाहेब)
- जन्म : २७ नोव्हेंबर १८८८, बडोदे
- मूळ गाव : मावळंगे, संगमेश्वर, जि. रत्नागिरी
- व्यवसाय : वकिली, अहमदाबाद (१९१३ पासून)
- अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष : १९३०-३३ आणि १९३५-३६
- मुंबई विधानसभेचे अध्यक्ष : १९३७-४६
- केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष : १९४६-४७
- संविधान सभेच्या (कायदेमंडळ) आणि हंगामी संसदेचे अध्यक्ष : १९४७-५२
- पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष : १५ मे १९५२ पासून निधनापर्यंत
- निधन : २७ फेब्रुवारी १९५६, अहमदाबाद

घराणं आणि शिक्षण

मावळंगे गावावरून मावळंकर हे आडनाव आलं. बडोद्यात गायकवाडांचं राज्य असल्यामुळे कोकणातली आणि देशावरची अनेक मराठी कुटुंबं नोकरी-व्यवसायानिमित्त गुजरातेत स्थिरावली होती. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरांची गोष्टही अशीच आहे. राज्य होळकरांचं असो, पवारांचं असो की शिंद्यांचं, माणसं कामाच्या मागे गेली आणि तिथलीच झाली.

राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या आणखी काही गावांत शालेय शिक्षण झाल्यावर गणेशराव १९०२ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला आले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली विज्ञान विषय घेऊन त्यांनी बी.ए. केलं. पुढचं वर्षभर ते त्याच कॉलेजात दक्षिणा फेलो होते. मग मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू झाला. १९१२ मध्ये ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ मध्ये अहमदाबादला परत येऊन त्यांनी वकिली सुरू केली.

वकिली आणि गुजरात सभा

त्याच १९१३ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले वल्लभभाई पटेल अहमदाबादला स्थायिक झाले. दोघांची कोर्टातली आणि गुजरात क्लबातली ओळख पुढे आयुष्यभराची सोबत ठरली. मावळंकरांनी वकिलीच्या दिवसांच्या आठवणी नंतर ‘माय लाइफ ॲट द बार’ या इंग्रजी पुस्तकात लिहिल्या.

वकिली सुरू केल्याबरोबर ते सार्वजनिक कामात पडले. १९१३ पासून गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद सचिव आणि १९१६ पासून गुजरात सभेचे सचिव. गुजरात सभा ही तोवर अर्ज-विनंत्या करणारी, सुशिक्षितांची संस्था होती. गांधीजी तिचे अध्यक्ष झाले आणि सभेचा रंगच बदलला.

१९१७-१८ च्या हंगामात खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पीक बुडालं. शेतसाऱ्याचा नियम साधा होता. पीक रुपयाला चार आण्यांच्या खाली आलं, तर त्या वर्षीची वसुली तहकूब. शेतकऱ्यांचं म्हणणं, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदारांचं म्हणणं, आणेवारी त्याहून जास्त आहे. गुजरात सभेने शेतकऱ्यांना निकाल लागेपर्यंत सारा भरणं थांबवा, असा सल्ला दिला आणि सरकार सभेवर नाराज झालं. सचिव म्हणून मावळंकर या सगळ्या कामाच्या मध्यभागी होते. यातूनच १९१८ चा खेडा सत्याग्रह उभा राहिला.

या लढ्याचं मूळ मागणं सरकारने स्वतःचाच नियम पाळावा एवढंच होतं. मावळंकरांच्या पुढच्या कामात हेच सूत्र पुन्हा पुन्हा दिसतं. नियम कागदावर असेल तर तो सत्तेवर बसलेल्यालाही लागू, मग तो परका साहेब असो की आपलाच पक्ष.

नगरपालिका, काँग्रेस आणि तुरुंग

१९१९ मध्ये मावळंकर पहिल्यांदा अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले. असहकाराच्या काळात नगरपालिकेने आपल्या प्राथमिक शाळांवर सरकारी नियंत्रण नको अशी भूमिका घेतली. वाद वाढत गेला आणि १९२२ मध्ये सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली. १९२१-२२ मध्ये मावळंकर गुजरात प्रांतिक काँग्रेस समितीचे सचिव होते. डिसेंबर १९२१ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अहमदाबादला भरलं, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष वल्लभभाई होते आणि सरचिटणीस मावळंकर.

पुढे १९२४-२७, १९३०-३३ आणि १९३५-३७ या काळात ते पुन्हा नगरपालिकेत होते. त्यांतली काही वर्षं नगराध्यक्ष म्हणून गेली. मिठाच्या सत्याग्रहापासून १९४२ च्या चळवळीपर्यंत वेगवेगळ्या खेपांना मिळून जवळपास सहा वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. तुरुंगात भेटलेल्या खुनाच्या, दरोड्याच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांच्या हकिकती त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात लिहिल्या. कोर्टात ज्यांना आरोपी म्हणून पाहिलं, अशी माणसं इथे शेजारच्या कोठडीत होती.

घरात मराठी, लेखन गुजरातीत, कोर्टकचेरी इंग्रजीत असा त्यांचा व्यवहार होता. मराठी माणूस म्हणून अहमदाबादकरांनी त्यांना वेगळं काढलं नाही. नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत याच शहराने त्यांना निवडून दिलं.

मुंबई विधानसभा, १९३७

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मावळंकर अहमदाबादमधून मुंबई विधानसभेवर आले आणि तिचे अध्यक्ष झाले. तेव्हा मुंबई प्रांतात आजच्या महाराष्ट्राचा, गुजरातचा आणि उत्तर कर्नाटकाचा मोठा भाग होता. म्हणजे मराठी, गुजराती आणि कन्नड आमदार एकाच सभागृहात बसत. बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेत होतं आणि विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. खोती पद्धत रद्द करण्याचं आंबेडकरांचं विधेयक आणि कामगारांच्या संपाच्या हक्कावरून गाजलेलं औद्योगिक कलह विधेयक, दोन्ही याच सभागृहातली.

१९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामा देऊन बाहेर पडली आणि विधानसभेचं काम थांबलं. पण कामकाज चालवण्याचा जो अनुभव गाठीशी आला, तो मावळंकरांना दिल्लीत उपयोगी पडला.

तीन मतांची निवडणूक

१९४६ मध्ये ते दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेवर निवडून गेले. २४ जानेवारी १९४६ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. काँग्रेसचे उमेदवार मावळंकर, समोर सर कावसजी जहांगीर. या सभागृहात लोकांनी निवडलेल्या सदस्यांबरोबर सरकारने नेमलेले सदस्यही मत देत. त्यामुळे काँग्रेसचा विजय कुणी धरून चाललं नव्हतं. मावळंकरांना ६६ मतं पडली, जहांगीरांना ६३. इंग्रज सरकारच्या डोळ्यांदेखत झालेला हा निकाल देशभर गाजला.

१४ आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ही केंद्रीय विधानसभा संपली. आता पेच आला. संविधान सभा ही घटना लिहिणारी, पण देश चालवायला रोजचे कायदेही लागणार. ते कोण करणार? या प्रश्नाचा विचार करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख मावळंकरच होते. एकाच सभेने दोन कामं करावीत, पण वेगवेगळी बसून, अशी वाट निघाली. घटना लिहिताना राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि कायदे करताना दुसरा अध्यक्ष. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या दुसऱ्या पदावर मावळंकरांची निवड झाली.

पंढरपूरचं उपोषण

मावळंकरांच्या आयुष्यातला एक प्रसंग मराठी माणसाच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावची मंदिरं, विहिरी खुल्या करण्यासाठी लोकांना साद घातली होती. पंढरपुरात मात्र बडवे मंडळी तयार होत नव्हती आणि गुरुजींची प्रकृती ढासळत होती.

केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष असलेले मावळंकर पंढरपूरला आले. त्यांनी बडव्यांशी बोलणी केली, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मंदिर खुलं करायला त्यांची संमती मिळवली. दहाव्या दिवशी गुरुजींचं उपोषण सुटलं.

पहिली लोकसभा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मावळंकर अहमदाबादमधून लोकसभेवर आले. १५ मे १९५२ रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झालं. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे नेते शंकरराव मोरे यांना उभं केलं. पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची लढत अशी दोन मराठी वकिलांमध्ये झाली. मावळंकरांना ३९४ आणि मोऱ्यांना ५५ मतं मिळाली.

आज संसदेच्या बातम्यांत ज्या समित्यांची नावं येतात, त्यांतल्या बऱ्याच मावळंकरांच्या काळातल्या:

- अंदाज समिती (१९५०) : सरकारच्या खर्चाची तपासणी.
- कामकाज सल्लागार समिती (१९५२) : कोणत्या विषयाला किती वेळ, हे ठरवणारी.
- आश्वासन समिती (१९५३) : मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’, ‘बघू’ म्हणून दिलेला शब्द पाळला का, याचा पाठपुरावा.
- दुय्यम कायदे समिती (१९५३) : कायद्याच्या आधारे सरकार जे नियम करतं, ते मर्यादेत आहेत का, हे पाहणारी.

प्रश्नाला मिळालेलं उत्तर पुरेसं नसेल तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा, तातडीच्या विषयावर अल्पकालीन चर्चा, हे मार्गही याच काळात रुळले.

मुदगल प्रकरण, १९५१

हंगामी संसदेतले काँग्रेसचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप आला, की मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत प्रश्न विचारतात. मुदगल सत्ताधारी पक्षाचे. तरीही नेहरूंनी स्वतः चौकशीचा ठराव मांडला आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने दोष दाखवल्यावर हकालपट्टीचा ठराव आला. ठराव पास होण्याआधी मुदगलांनी राजीनामा दिला. सभागृहाने तरीही, ते हकालपट्टीलाच पात्र होते, अशी नोंद केली. पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचं प्रकरण २००५ मध्ये पुन्हा गाजलं, तेव्हा १९५१ च्या याच दाखल्याची आठवण काढली गेली.

वटहुकमांवरून सरकारशी वाद

मावळंकरांचं सर्वांत टिकाऊ काम कदाचित त्यांच्या पत्रांत आहे. संसद बसलेली नसताना तातडीची गरज पडली तर राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात, अशी तरतूद घटनेच्या कलम १२३ मध्ये आहे. हिंदीत याला अध्यादेश म्हणतात. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिची मंजुरी मिळाली नाही तर वटहुकूम आपोआप संपतो.

घटना लागू झाली त्याच वर्षी, १९५० मध्ये, मावळंकरांनी सरकारला कळवलं, की वटहुकूम काढण्याची पद्धत मुळातच लोकशाहीला धरून नाही. १९५४ मध्ये त्यांनी नेहरूंना पुन्हा लिहिलं. सारांश असा : अगदी निकडीची वेळ सोडली तर वटहुकमाचं समर्थन होऊ शकत नाही. आपली ही पहिली लोकसभा आहे, आपण जे पायंडे पाडू तेच पुढे चालतील. सध्याचे मंत्री चांगले आहेत, हे उत्तर पुरेसं नाही, कारण पुढे येणारं सरकार कसं असेल ते कुणी सांगावं?

हे पत्र लिहिणारा आणि वाचणारा दोघे एकाच पक्षाचे. सभागृहात त्या पक्षाचं प्रचंड बहुमत. विधेयक आणलं असतं तर सहज पास झालं असतं. मावळंकरांचा मुद्दा नेमका तोच होता : पास होणारच असेल तर मग सभागृहासमोर आणायला अडचण काय?

सरकारने त्यांचं म्हणणं पूर्णपणे मानलं नाही. वटहुकूम निघतच राहिले आणि पुढे राज्याराज्यांत त्यांचा वापर वाढला. बिहारमध्ये तेच ते वटहुकूम वर्षानुवर्षं पुन्हा काढले जात होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी ते शोधून काढलं आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने असे वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणं ही घटनेची फसवणूक ठरवली. मावळंकरांनी इशारा दिल्याला तोवर ३० हून अधिक वर्षं झाली होती.

अविश्वासाचा ठराव, १९५४

मावळंकरांच्या कारकिर्दीला दुसरी बाजूही आहे. विरोधकांची तक्रार होती, की अध्यक्ष तहकुबी सूचना सहसा मान्य करत नाहीत आणि त्यामुळे सरकारला कोंडीत पकडायची संधी जाते. मावळंकरांचं म्हणणं होतं, इंग्रजांच्या काळी सरकार लोकांना जबाबदार नव्हतं, तेव्हा तहकुबी सूचना हे निषेधाचं हत्यार होतं. आता सरकार आपलं आहे, प्रश्नोत्तरं आणि चर्चेचे दुसरे मार्ग मोकळे आहेत, म्हणून तहकुबी अपवादानेच हवी. विरोधकांना हे पटलं नाही. ३९४ विरुद्ध ५५ अशा सभागृहात ज्यांची संख्या कमी, त्यांना एकेक हत्यार मोलाचं वाटणारच.

१८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासात असा ठराव पहिल्यांदाच आला होता. नियमाप्रमाणे मावळंकर खुर्चीवर बसले नाहीत, उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवलं. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं, की हा पक्षाचा प्रश्न नाही, सभागृहाच्या प्रतिष्ठेचा आहे, पक्षादेश बाजूला ठेवून विचार करा. ठराव नामंजूर झाला.

टीकेचा आणखी एक धागा होता. अध्यक्ष झाल्यावरही मावळंकर काँग्रेसचे सदस्य राहिले. इंग्लंडचा स्पीकर पक्ष सोडतो, मग आपला का नाही, असा सवाल होता. मावळंकरांचं उत्तर व्यवहाराचं होतं. तिकडे स्पीकरची जागा सहसा बिनविरोध सोडण्याचा संकेत आहे. तो इथे रुजल्याशिवाय अध्यक्षाला पक्षापासून पूर्ण तोडणं शक्य नाही. मात्र सभागृहात येणाऱ्या विषयांवरच्या पक्षांतर्गत वादात त्याने पडू नये. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पक्षांतराच्या प्रकरणांत विधानसभा अध्यक्षांचे निर्णय कोर्टात जातात, तेव्हा मुंबई असो, भोपाळ असो की बंगळुरू, वाद याच मुद्द्यावर येऊन थांबतो.

संस्था आणि निधन

अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत मावळंकर होते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात युनिव्हर्सिटीसाठीही त्यांनी बरीच खटपट केली. कस्तुरबांच्या निधनानंतर गोळा झालेल्या निधीतून खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणारा कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. त्याच्याबरोबरच गांधी स्मारक निधीची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष. दरवर्षीची अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. दिल्लीत रफी मार्गावर मावळंकर सभागृह आहे.

१९५६ च्या सुरुवातीला त्यांना हृदयविकाराने गाठलं. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादमध्ये, पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. वय ६७. त्यांच्या जागी अनंतशयनम अय्यंगार अध्यक्ष झाले. अहमदाबादच्या रिकाम्या जागेवर पत्नी सुशीलाबाई मावळंकर बिनविरोध निवडून आल्या. मुलगा पुरुषोत्तम मावळंकर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ च्या पोटनिवडणुकीत ते अहमदाबादमधून आणि १९७७ मध्ये गांधीनगरमधून लोकसभेवर गेले.

दादासाहेब गेले तेव्हा मुंबई राज्यात भाषावार प्रांतरचनेचा वाद पेटलेला होता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले होते आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादेत महागुजरातची चळवळ उसळली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. ज्या प्रांतिक विधानसभेत मावळंकरांनी मराठी, गुजराती आणि कन्नड आमदारांचं कामकाज एकत्र चालवलं होतं, तिच्या प्रदेशाच्या तीन राज्यांत वाटण्या झाल्या. मावळंकरांचं घर अहमदाबादलाच राहिलं.